आठ मिनिटं पुढे

"मॅडम, जरा गंमत झालीया," इरफान मुजावर फोनवर म्हणाला. "तुमचा एक डोस मोजायच्या आधीच आमच्याकडं पोचलाय."

सुप्रभा मगदूम हसली. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते, पहिले दोन डोस वेळेत निघाले होते आणि हातातला चहा अजून गरम होता. अशा वेळी माणूस कशालाही हसतं.

"म्हणजे कसं रे?"

"तिमाही तपासणीचे कागद लावालोय. गेल्या महिन्यातली सतरा तारीख, शेवटचा पेशंट. तुमच्या वहीत डोस मोजल्याची वेळ अकरा बेचाळीस. आमच्या यंत्रात इंजेक्शन दिल्याची वेळ अकरा एक्केचाळीस. तुमचं काम झटपट असतंय हे ठाऊक हाय, पण एवढं?"

इरफान स्कॅनच्या इमारतीतला तंत्रज्ञ. सुप्रभा पलीकडच्या इमारतीत, जिथे डोस तयार व्हायचे, तिथली गुणवत्ता अधिकारी. मिरजेच्या कृष्णाकाठ अणुऔषध केंद्रात तिच्या सहीशिवाय एक थेंबही बाहेर पडत नसे.

"लिहिताना चुकलं असंल," इरफान म्हणाला. "बेचाळीसचं बत्तीस करून टाकू का? पेनाचा एक फटका."

सुप्रभा हो म्हणणारच होती. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिची नजर काचेपलीकडे, मोजणीच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"नको," ती म्हणाली. "काहीही करू नकोस. वेळा हातानं लिहिल्या त्या नऊ दिवसांचे सगळे कागद मला पाठव."

ते घड्याळ आठ मिनिटं पुढे होतं. मुद्दाम. केंद्राचे संचालक हेर्लेकर सर यांनी सात वर्षांपूर्वी, केंद्र सुरू झालं त्या आठवड्यात, स्वतः स्टुलावर चढून ते पुढे केलं होतं. "कार्बन कोणासाठी थांबत नाही," असं तेव्हा ते म्हणाले होते. "माणसं थांबतात, गप्पा मारतात, चहा पितात. घड्याळ पुढे असलेलं बरं." यात नवल काहीच नव्हतं. सरांच्या घरी घड्याळ पुढे होतं, सुप्रभाच्या घरी पुढे होतं, तिच्या माहेरी तर चांगलं पंधरा मिनिटं पुढे होतं. आपल्याकडे निम्मी घरं अशी स्वतःलाच फसवून वेळेवर पोचतात आणि प्रत्येक जण मनातल्या मनात वजाबाकी करून मोकळा होतो. फसवणुकीचा फायदा काय राहिला, हे कोणी विचारत नाही.

पण इथे प्रश्न कार्बनचा होता, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन दाटीनं असतं. त्या प्रथिनाला नेमका जाऊन चिकटणारा रेणू बनवायचा, त्यात साध्या कार्बनच्या जागी किरणोत्सारी कार्बन घालायचा आणि तो शिरेतून शरीरात सोडायचा. रेणू रोगट पेशी शोधून त्यांना चिकटतो. त्याच्यातला कार्बन विरतो, विरताना दोन किरण विरुद्ध दिशांना सुटतात, आणि भोवतीचं यंत्र ते टिपून सांगतं की रोग कुठे आहे आणि किती जोरात आहे. पूर्वी यासाठी जरा टिकाऊ मूलद्रव्यं वापरत आणि ती बहुधा मोठ्या शहरांतून गाडीनं येत. मग टेबलाएवढे सायक्लोट्रॉन निघाले. प्रोटॉनचा झोत मारून एका वेळी एकाच माणसापुरता कार्बन बनवणारी ही यंत्रं २०३५नंतर मिरज, लातूर, अकोल्यापर्यंत पोचली. हा कार्बन दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. दोन-तीन तासांत शरीरात त्याचा मागमूस राहत नाही, त्यामुळे स्कॅन पुन्हा पुन्हा करता येतो. हेच त्याचं सुख आणि हीच त्याची कटकट.

स्कॅनमधून एक आकडा निघायचा. दिलेल्या डोसपैकी गाठीनं किती ओढून घेतला, त्याचा हिशोब. बाराच्या खाली आला तर गाठ सुस्त आहे, सहा महिने थांबा, पुन्हा तपासा. बारा किंवा वर आला तर थांबू नका, कारण ती गाठ आज ना उद्या ग्रंथीच्या बाहेर पडणार. साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या गप्पांत पूर्वी गुडघे आणि साखर असायची, त्यात आता आकड्याची भर पडली होती. "तुझा किती?" "नऊ. तुझा?" अशी विचारपूस बागेतल्या बाकांवर चालायची.

आता आठ मिनिटं. समजा, डोस मोजला दहा वाजता आणि वहीत लिहिलं दहा वाजून आठ मिनिटं. संगणकाला वाटतं, हा डोस आत्ताच मोजलाय, ताजा आहे, पेशंटला भरपूर मिळाला. प्रत्यक्षात त्या आठ मिनिटांत जवळजवळ चौथा हिस्सा विरून गेलेला असतो. मग गाठीनं जे ओढलं, ते त्या भरपूर वाटणाऱ्या डोसच्या मानानं थोडं दिसतं आणि आकडा चौथ्या हिश्शानं खाली घसरतो. सोळाचा जेमतेम बारा. पंधराचा साडेअकरा.

एरवी ही वेळ कोणी लिहीतच नसे. मोजणीचं यंत्र ती आपोआप नोंदवायचं. पण गेल्या महिन्यात नवीन प्रणाली बसवताना यंत्र आणि नोंदींचा संगणक यांच्यातला दुवा तुटला. कंपनीचा इंजिनियर यायला नऊ दिवस लागले. नियमांत अशा वेळेची सोय होती: वहीत हातानं लिहा, सही करा. त्या निर्जंतुक खोलीत फोन न्यायची बंदी, मनगटी घड्याळाची बंदी. वेळ दिसायची ती एकाच ठिकाणी.

दुपारभर सुप्रभा वही आणि इरफानचे कागद समोरासमोर ठेवून बसली. नऊ दिवस, चौतीस पेशंट, सगळं अक्षर तिचंच. मोजलेला डोस शिशाच्या गाडीतून पलीकडे न्यायचा, उघडायचा, शीर शोधायची, टोचायचं. कितीही घाई केली तरी याला सात मिनिटं लागतातच. कोणी लघवीला गेलेला असेल किंवा शीर सापडत नसेल तर वीसही लागतात. अकरा नोंदींत हे अंतर सातपेक्षा कमी निघालं. तिथे तिनं भिंतीवरची वेळ जशीच्या तशी उतरवली होती, शंकाच नको. उरलेल्या तेवीस नोंदींचं काहीच सांगता येत नव्हतं. आठ वजा केले असतील किंवा नसतील.

हेच तिला कळेना. सात वर्षं त्या घड्याळाकडे बघून ती वजाबाकी करत आली होती, घरी जायची वेळ झाली का, डबा उघडायचा का हे बघताना. नोंदीसाठी मात्र त्या नऊ दिवसांआधी तिनं ते कधी वापरलंच नव्हतं. तिनं एक प्रयोग करून पाहिला. खोलीत गेली, घड्याळाकडे पाहिलं, चिठ्ठीवर वेळ लिहिली. बरोबर लिहिली. पण लक्ष ठेवून केलेल्या कामावरून बेसावधपणी काय केलं होतं ते थोडंच कळतं? ती पुन्हा टेबलाशी येऊन बसली.

चौतिसातलं एकोणिसावं नाव होतं, मधुसूदन हेर्लेकर. वय एकसष्ट. आकडा दहा पूर्णांक दोन. अंतर नऊ मिनिटं.

ती नऊ मिनिटं खरी असतील, तर सर सुरक्षित होते. ती सतरा असतील, तर त्यांचा आकडा दहा नव्हता. सुप्रभानं गणित मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. तेरा पूर्णांक चार.

*

"बस, बस," हेर्लेकर सर म्हणाले. "चेहरा का असा? एखादा डोस नापास झाला?"

ते खुशीत होते. गेले अठरा दिवस ते खुशीतच होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांची गाठ सापडली तेव्हा त्यांनी ऑपरेशनची तारीखही घेऊन ठेवली होती. आकडा दहा आल्यावर ती रद्द केली. त्या दिवशी ते केंद्राच्या गॅलरीत शीळ घालत फिरले होते. संचालकांना शीळ घालता येते हे कोणाला माहीतच नव्हतं.

सुप्रभानं सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. इरफानचा फोन, घड्याळ, वही, अकरा आणि तेवीस.

सरांनी वही पुढे ओढली, चष्मा वर केला, आपल्या नावावर बोट ठेवलं. "नऊ मिनिटं," ते म्हणाले. "मग बरोबरच आहे की."

"किंवा सतरा, सर."

"तू वजा केले असशील. सात वर्षांत तुझी एक चूक मला दाखवता आलेली नाही."

हे ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "अकरा ठिकाणी मी वजा केलेले नाहीत," ती म्हणाली. "ते सिद्ध झालंय."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी कागद घेतला आणि भराभरा मुद्दे लिहायला लागले. त्यांचं डोकं अशा वेळी फार लख्ख चालायचं. नियामक मंडळाला आजच कळवायचं. पेशंटना पत्रं, फोन. रोज चार-पाच जणांना बोलवायचं, आठवडाभरात पुन्हा स्कॅन. घड्याळ आत्ता काढायचं. सुप्रभाच्या जिवात जीव आला. मग तिनं खालचा आकडा वाचला.

"सर, तेहतीस लिहिलंय तुम्ही."

"हो."

"चौतीस आहेत."

"मी पेशंट नाही. मी इथला संचालक आहे, मला धोका समजतो. सहा महिन्यांनी तपासणी आहेच माझी."

"तेरा असेल तर सहा महिन्यांत ती बाहेर पडेल. हे तुम्हीच लोकांना सांगता."

"सुप्रभा," सर म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "तुला माहितीय त्या ऑपरेशननंतर काय होतं? सगळ्यांना नाही, पण होतं. माझ्या थोरल्या भावाचं झालं. चांगला धडधाकट माणूस. त्यानंतर लग्नकार्याला जायचा बंद झाला. पँट ओली होईल म्हणून. दारं कुठे आहेत ते आधी बघायचा आणि मग खुर्ची निवडायचा. मी अठरा दिवस जगलोय ना, त्यातला एक दिवससुद्धा मला परत द्यायचा नाही."

ते घाबरले होते. साधं, सरळ घाबरले होते, आणि हे तिला आजवर कधी दिसलं नव्हतं. सरांची तिला दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. आणि या सगळ्याच्या तळाशी एक लाजिरवाणी गोष्ट होती: सर आले नाहीत, तर त्यांच्यापुरती तिची चूक कधीच सिद्ध होणार नव्हती. तेही सोयीचंच होतं. दोघांनाही.

"तेहतिसाच्या यादीवर मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"मग मी दुसऱ्या कोणाची घेईन."

"घ्या. मी मंडळाला चौतीस नावं पाठवते. माझ्या नावानं."

सरांचा चेहरा लाल झाला. खाली कुणाची तरी गाडी सुरू होईना, ती तीनदा खोकली आणि गप्प झाली. सुप्रभा उठली, वही घेतली आणि दार लावून निघाली.

संध्याकाळी यादी तिच्या टेबलावर आली. चौतीस नावं होती. सरांनी आपलं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, सगळ्यात वर, आणि समोर 'मंगळवार, पहिला' अशी नोंद केली होती. ना टिपण, ना निरोप.

*

मंगळवारी सकाळी भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा गोल डाग होता. मोजणीचं यंत्र आता वेळ स्वतः घेत होतं आणि ती उपग्रहाशी जुळवलेली होती. तरी सुप्रभानं ती आल्यापासून तीनदा ताडून पाहिली.

आठ वाजून दहा मिनिटांनी सायक्लोट्रॉनचा झोत सुरू झाला. शिशाच्या कपाटात, जाड काचेमागे, नळ्यांमधून न दिसणारा वायू सरकला, रेणूला जोडला गेला, गाळला गेला, आणि शेवटी तळहातावर मावेल अशा कुपीत पाण्यासारखा स्वच्छ द्रव उतरला. त्यातला थेंबभर चाचणीला. आम्लता बरोबर. शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के. गाळणीचा दाब बरोबर. प्रत्येक चाचणीला सेकंद जात होते आणि प्रत्येक सेकंदाला कार्बन कमी होत होता. एरवी या घाईची तिला मजा वाटायची. आज तिला वाटत होतं, एखादी चाचणी नापास व्हावी. व्हावी आणि डोस फेकून द्यावा लागावा. मग तिला स्वतःचीच शिसारी आली आणि तिनं सही केली.

गाडी पलीकडे गेली. इरफाननं फोन केला. "पोचला, मॅडम. सर टेबलावर झोपलेत. विनोद करालेत."

"काय म्हणतायत?"

"म्हणाले, इतकी वर्षं जेवण वाढलं, आज दुसऱ्यांदा पंगतीला बसलोय."

पाऊण तासानं ती स्कॅनच्या इमारतीत गेली. बोलावलं नव्हतं, पण राहवेना. पडद्यावर शरीराची राखाडी सावली होती आणि ओटीपोटात एक ठिपका, शेवग्याच्या बीएवढा. तो मागच्या वेळीही होता. इरफान त्याच्याभोवती रेघ ओढत होता. त्यानं कळ दाबली आणि मागे टेकला.

तेरा पूर्णांक सहा.

म्हणजे तिनं वजा केले नव्हते. एकोणिसाव्या नोंदीतही नाही. बहुधा चौतिसांतल्या कुठल्याच नाही.

सर कपडे बदलून पलंगाच्या कडेला बसले होते, एक मोजा पायात आणि एक हातात. तिनं काही सांगायच्या आधीच त्यांनी मान हलवली. "किती?"

तिनं सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले, पण तसं वाटत नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाले, "वैजयंता बाहेर बसलीय. तिला सांग, मागचाच आकडा आलाय. ऑपरेशनचं मी सावकाश सांगेन, माझ्या पद्धतीनं. एवढं कर माझ्यासाठी. याच्यानंतर मी तुझ्याकडे काही मागणार नाही."

सुप्रभा काही बोलली नाही. त्यांना ते होकारासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी दुसरा मोजा घालायला घेतला.

बाहेर व्हरांड्यात वैजयंताकाकू बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि सरांचा स्वेटर. काकू नृसिंहवाडीच्या. मोजकं आणि सरळ बोलणाऱ्या. सुप्रभा त्यांच्यासमोर उभी राहिली. मागचाच आला, एवढेच दोन शब्द. काकू घरी जातील, आज रात्री शांत झोपतील. अशी शांत झोप तिनंच त्यांना अठरा दिवस दिली होती. आपल्या अक्षरात.

"काय आलं गं?"

"तेरा पूर्णांक सहा, काकू."

काकूंनी पिशवीचे बंद मुठीत धरले. "बाराच्या वर गेलं की ऑपरेशन ना?"

"हो."

"मग दहा कसा आला होता?"

"माझ्यामुळं. वेळ मी लिहिली होती. चुकीची लिहिली."

आतून कुणाची तरी चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज आला आणि थांबला. काकूंनी दाराकडे पाहिलं. "ते बाहेर येईनात," त्या म्हणाल्या. "मला सांगू नको म्हणाले असतील तुला. होय ना?"

सुप्रभानं मान खाली घातली.

"मी तुझ्यावर रागवणार आहे," काकू म्हणाल्या. "लई रागवणार आहे. पण ते नंतर. आज सर्जनची वेळ घ्यायचीय, आणि ह्यांना आतनं बाहेर काढायचंय." त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "बाकीच्यांना कोण सांगणार? तेहतीस आहेत म्हणे."

"मीच सांगणार आहे."

"मग मला सांगितलंस तसं सांगू नकोस. उभ्याउभ्या. मला वाटलं, सांगितलंस की पळणार तू. माणसाजवळ बसून सांग."

त्या आत गेल्या. दाराआडून सरांचा आवाज आला, मग काकूंचा.

दुपारी दोन वाजता जतच्या बसगोंडा बिराजदारांचा आकडा आला, पंधरा पूर्णांक सहा. मागच्या वेळी तो बाराला टेकलेला, पण खालीच राहिलेला. त्यांची बायको पहाटेच्या गाडीनं आलेली होती. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. सुप्रभा दिसताच पदर सावरून पुढे आली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

सुप्रभानं फाइल खिडकीत ठेवली आणि दोन खुर्च्या ओढून समोरासमोर लावल्या.

"बसा, मावशी," ती म्हणाली, आणि आधी स्वतः बसली.